बांधणीचं पुस्तक

संस्थेच्या वाचनालयात अकरा हजारांवर पुस्तकं होती, आणि त्यांतली निम्मी तरी दाभणकाकांच्या हाताखालून गेलेली होती. माणूस उंच आणि काटकुळा, आणि बोलणं असं की घुसलं तर आरपार. त्यात जन्मभर पुस्तकबांधणी केलेली. कुणीतरी कधीतरी थट्टेत दाभण म्हटलं आणि ते चिकटलं ते कायमचंच. सरकारी छापखान्याच्या बांधणी खात्यात तेहतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊ वाजता संस्थेच्या दारात हजर. त्याआधीची पंचवीस वर्षंही त्यांचा प्रत्येक रविवार तिथेच गेला होता. काकू म्हणायच्या, "निवृत्त कसले झालात, रविवार वाढवून घेतलेत फक्त."

संस्थेत पगारी माणूस एकही नव्हता. खाली सभागृह, छोटासा रंगमंच, एकशेवीस घडीच्या खुर्च्या. त्यातल्या नऊ-दहा बसणाऱ्याचं बोट चिमटल्याशिवाय उघडत नसत. मंगळवारी व्याख्यान, गुरुवारी गाण्याचा वर्ग, शनिवारी मुलांची चित्रकला, वर्षाकाठी दोन नाटकं. व्याख्यानाला कधी कधी श्रोते इतके कमी, की वक्त्याला वाईट वाटू नये म्हणून चिटणीस नाटकाच्या तालमीतली माणसं आणून बसवायचे. चिटणीस वीज कंपनीतून निवृत्त झालेले अभियंते. सभेत भाषण करता करता वरचा पंखा आवाज करू लागला, तर भाषण थांबवून शिडी मागवणारा गृहस्थ.

वाचनालय वरच्या मजल्यावर. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी एक निवृत्त परिचारिका बसायच्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. कुणी जाडजूड कादंबरी मागितली की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "झोप येत नाही का हल्ली?" पावसाळ्यात इतिहासाच्या कपाटापाशी दोन बादल्या मांडाव्या लागत. वर्षातून दोनदा सगळी कपाटं रिकामी करायची, पुस्तक पुस्तक झटकायचं, डांबरगोळ्या बदलायच्या, वाळवी नाही ना बघायचं. हे सगळं पाच-सहा म्हातारी माणसं मिळून करत, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या कमरा धरत.

दाभणकाकांचा कोपरा जिन्याखाली होता. तिथे लाकडी दाब, पुठ्ठ्याच्या चळती, मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं. खिळखिळी झालेली पुस्तकं त्यांच्याकडे यायची. जुनी बांधणी उसवून जुज सुटे करायचे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. मग ते पुन्हा शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा, अस्तर, दाब. संस्थेचा माणूस म्हणून त्यांच्या कामाचं कौतुक फार. परगावचे पाहुणे आले की चिटणीस कपाटातून एखादा खंड काढून दाखवत. "बघा, चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक. उघडलं की टेबलावर सपाट पडतं. हे आमच्या दाभणकाकांचं काम."

ते अर्धंच खरं होतं. सपाट पडतं ते शिवणीमुळे, आणि शिवण काकूंची होती.

ती गोष्ट दाभणकाकांनी लपवली होती असं नाही, कुणी विचारली नव्हती इतकंच. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी काकूंना जुजबंदी शिकवली. काकूंचा हात असा बसला की छापखान्यातले जुने कारागीर झक मारतील. मग ठरूनच गेलं. काकांनी पुस्तक उसवायचं, सुटे जुज पिशवीत भरून घरी आणायचे. काकूंनी खिडकीपाशी बसून शिवायचे. काकांनी परत नेऊन पुठ्ठा चढवायचा. दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली नेहमी चार-पाच पिशव्या. पाहुणा आला की आधी पिशव्या हलवायच्या, मग पाहुण्याला बसवायचं. अशी एकतीस वर्षं.

संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. चिटणीसांनी प्रदर्शन ठरवलं. संस्थेच्या उद्घाटनाची हकिगत एका जुन्या मासिकात छापून आली होती, ती मोठी करून दारात लावायची होती. काकांनी तो खंड काढला, पान उघडलं. एकशेअठरा पानानंतर एकदम एकशेएकवीस. मधलं पान नव्हतं.

फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. घडीपासून बोटभर कागदाची पट्टी शिल्लक ठेवून, फूटपट्टी धरून पात्याने सरळ. जुजातलं प्रत्येक पान घडीपलीकडच्या दुसऱ्या पानाला जोडलेलं असतं. घडीलगत कापलं तर त्याचा जोडीदार काही दिवसांनी निखळून पडतो. ज्याने हे पान कापलं त्याला ते ठाऊक होतं. त्याने जोडीदाराची सोय ठेवली होती.

त्यांनी दुसरा खंड उघडला. मग तिसरा. तीन दिवस ते कपाटांपाशी बसून होते. एकसष्ट खंडांत कुठे एक, कुठे दोन पानं नव्हती. गोष्टी, प्रवासवर्णनं, कुठे नकाशा, कुठे नुसतंच एक चित्र. कशाचा कशाशी मेळ नव्हता.

"हे काम जाणत्याचं आहे," ते चिटणीसांना म्हणाले. "ज्याला बांधणी कळते अशा माणसाचं."

आणि असा माणूस रोज वाचनालयात येऊन बसत होता. गुरुजी. प्राथमिक शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेले, विधुर, सुनेच्या घरात दिवसभर अडगळ नको म्हणून साडेनऊला खिडकीजवळची खुर्ची धरणारे. जुने खंड बाहेर नेता येत नसत. ते तिथेच बसून वाचायचे आणि वहीत काहीबाही उतरवून घ्यायचे. पेन्सिलीला टोक करायला त्यांच्या खिशात दाढीचं पातं असायचं. शाळेत ते मुलांना वह्या शिवायला शिकवत, हे सगळ्या गावाला माहीत.

चिटणीस म्हणाले, "आधी एकट्याला गाठून विचारू."

पण काकांना दम निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खंड काखोटीला मारून वर गेले. वाचनकक्षात सात-आठ माणसं होती. त्यांनी खंड गुरुजींसमोर आपटला, ती पट्टी बोटाने वर काढून दाखवली.

"हे काय आहे, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "पान कापलंय कुणीतरी. अरेरे."

"कुणीतरी? तुमच्या खिशात काय आहे ते दाखवा जरा."

गुरुजी उठले आणि एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवू लागले. चष्म्याची डबी, अर्धी पेन्सिल, कागदात गुंडाळलेलं पातं. मग पिशवी उलटी केली. वही पडली, रुमाल पडला, एक केळं पडलं.

"वहीसुद्धा बघा," ते म्हणाले. त्यांनी ती उघडून पुढे सरकवली.

सिस्टर टेबलामागून उठून आल्या. "काका, पुरे आता."

"पातं आहे की नाही, तुम्हीच सांगा सिस्टर!"

गुरुजींनी वस्तू परत भरल्या. केळं तिथेच राहिलं. जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरले, आणि त्यानंतर आलेच नाहीत. चौकशी होईपर्यंत सभासदत्व स्थगित, असं पत्र चिटणीसांनी नाइलाजाने धाडलं. चौकशी कोण करणार होतं? चौकशी झालीच नाही. ते आले नाहीत म्हणजे मनात काळंबेरं होतंच, असं बोलणं तेवढं पसरलं.

त्या संध्याकाळी काका घरी आले ते जरा ताठच. हातपाय धुता धुता म्हणाले, "वाचनालयातली पानं कापणारा चोर सापडला बरं का."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. दोरा हुकला. "कोण?"

"आहे एक. वर बसून गुपचूप पानं कापायची आणि चेहरा मात्र साळसूद."

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही; संस्थेच्या भानगडी घरी आणायच्या नाहीत हा त्यांचा नियम. घरी आणायच्या त्या फक्त पिशव्या.

पाच महिने गेले. काकूंची धाकटी बहीण आजारी पडली म्हणून त्या पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. प्रदर्शन तोंडावर आलेलं, शिवायचे जुज पडून राहिलेले. काकांनी स्वतःच शिवायला घेतलं. दोऱ्याला लावायचं मेण संपलं. काकू ते कुठे ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांत कधी शोधावं लागलं नव्हतं. डबे पाहिले, फडताळ पाहिलं, शेवटी काकूंची पत्र्याची ट्रंक उघडली.

मेण सापडलं. त्याच्याखाली जुन्या चादरीच्या कापडाने मढवलेलं एक पुस्तक होतं. वर नाव नाही. काकांनी ते हातात घेतलं आणि उघडायच्या आधीच शिवण ओळखली. ट्रंकेच्या झाकणावर ते सपाट पडलं.

आत एकसष्ट खंडांतली पानं होती. लहानमोठी पानं, कडा सारख्या करून, प्रत्येकाला पट्टी जोडून, घड्या पाडून शिवलेली. शिडाच्या जहाजातून एकटी प्रवासाला निघालेली बाई. डोंगरात हरवलेल्या मेंढपाळाच्या गोष्टीचं मधलंच पान. ताऱ्यांचा नकाशा. घड्याळ उघडून साफ कसं करावं. एका कवितेचं दुसरं पान, पहिलं नाही. आणि बऱ्याच पुढे, संस्थेच्या उद्घाटनाची हकिगत, जिच्या मागच्या बाजूला समुद्रातल्या दीपगृहाचं चित्र होतं. काकूंनी ते पान चित्रासाठी घेतलं होतं. चित्र वर येईल असं लावलं होतं.

काका जमिनीवर बसले. खिडकीतला उजेड गेला तरी उठले नाहीत.

काकू परत आल्या त्या दुपारी पुस्तक पलंगावर होतं. त्यांनी ते पाहिलं, पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि समोर बसल्या.

"तू?" काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?" काकू खरोखरच चकित झाल्या. "चोर सापडला म्हणालात तेव्हा मला वाटलं, मलाच टोमणा मारताय. जीव गोळा झाला होता माझा. मग तुम्ही पुढे काही बोलला नाहीत. मला वाटलं, पोटात घातलंत."

"का केलंस गं असं?"

काकू म्हणाल्या, "पुस्तक घरी यायचं ते सुटं. माझ्या हातात एक जुज, त्यातलं शिवताना दिसेल तेवढं वाचायचं. एखाद्या पानावर जीव जडायचा. मागचं काय, पुढचं काय, कळायच्या आत तुम्ही पिशवी भरून न्यायचात."

"मागायचं होतंस. आणलं असतं."

"मागितलं होतं. जहाजातल्या बाईचं. तुम्ही काय म्हणालात, आठवतं? बांधणीचं पुस्तक वाचायचं नसतं, बांधायचं असतं."

काकांना आठवत नव्हतं. पण ते वाक्य आपलंच आहे, हे त्यांना कळलं. छापखान्यात नव्या पोरांना ते हेच सांगायचे.

"आणि सभासद म्हणून नाव घाला म्हटलं, तर घरातल्या घरात दोन सभासद कशाला, असं तुमचं," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण मग चोर म्हणून धरलंत कुणाला?"

काकांनी सांगितलं. पिशवी उलटी केल्याचं सांगितलं. केळ्याचंही सांगितलं. काकू उठून उभ्या राहिल्या.

"त्याच दिवशी नाव का नाही सांगितलंत मला? मी तिथल्या तिथे सांगितलं असतं हो! पाच महिने तो माणूस..."

आठवडाभर काकू संस्थेत जाऊन सांगते म्हणत होत्या, आणि काका थांब म्हणत होते. अखेर एका सकाळी, काकू आंघोळीला गेलेल्या असताना, त्यांनी ते पुस्तक कागदात गुंडाळलं आणि तडक चिटणीसांचं घर गाठलं.

"गुरुजींनी काही केलेलं नाही," त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "पानं मी घेतली. हे घ्या."

चिटणीस कितीतरी वेळ पुस्तक उलटंपालटं करत राहिले. "तुम्ही? अहो, पण शोधून काढलंत तेही तुम्हीच."

"म्हणूनच तर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्यातलं समजा."

कार्यकारिणीची बैठक झाली. शेवटी ठरलं ते असं, की गाजावाजा करायचा नाही. काकांनी आपण होऊन काम सोडायचं, वाचनालयात यायचं नाही. गुरुजींना माफीचं पत्र द्यायचं. जिन्याखालच्या कोपऱ्याची किल्ली काकांनी टेबलावर ठेवली. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. मनात कुठेतरी असं होतं, की बायको रडेल, हात धरेल. आपण एवढं मोठं लोढणं तिच्यासाठी गळ्यात बांधून घेतलं.

काकू रडल्या नाहीत. "पुस्तक कुठे आहे माझं?"

"त्यांना दिलं. पुरावा लागतो."

"मला न विचारता?"

"अगं, तुझी अब्रू वाचावी म्हणून..."

"एकतीस वर्षं शिवलं ते तुमच्या नावावर गेलं," काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "जन्मात एक गोष्ट माझी मी केली. वाईट केली, चोरी केली, पण मी केली. तीही तुमच्याच नावावर घातलीत."

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः संस्थेत गेल्या. त्या जिन्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. चिटणीस आणि सिस्टर दोघांनाही त्यांनी सगळं सांगितलं, शिवणीचं, पिशव्यांचं, पात्याचं. चिटणीसांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वहिनी, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे हा," ते म्हणाले. "नवऱ्यासाठी माणूस काय काय बोलतो. पण काकांनी कबूल केलंय. आता तुम्ही कशाला त्रास करून घेताय?"

"मला सुई द्या. इथे बसून शिवून दाखवते."

"असू दे, असू दे," चिटणीस उठले. "तुम्ही चहा घ्या."

सिस्टर मात्र काकूंच्या अंगठ्याकडे बघत होत्या. सुई दाबून दाबून पडलेला घट्टा तिथे होता, पिवळा, कवडीएवढा. काकू निघाल्यावर त्या जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. पण आता हे प्रकरण पुन्हा उकरायला कुणी तयार होणार नाही हो." तेवढ्यावरच ते मिटलं.

काका गुरुजींकडे गेले ते त्यानंतर आठवड्याने. सुनेने दार उघडलं, बसा म्हटलं नाही, पण आत जाऊन सांगितलं. गुरुजी मागच्या खोलीत, शिवणयंत्र आणि गाद्यांच्या ढिगामध्ये एका खुर्चीवर बसले होते. वाळले होते. काकांनी पायांना हात लावायला वाकावं तर गुरुजींनी पाय मागे घेतले.

"पत्र मिळालं," गुरुजी म्हणाले. "चांगलं लिहिलंय. ठेवलंय मी."

"तुम्ही परत या, गुरुजी. तुमची खुर्ची आहे तशीच आहे."

"सुरुवातीला रोज साडेनऊला तयार व्हायचो. शर्ट घालायचो, दारापर्यंत जायचो. मग वाटायचं, त्या सात-आठ जणांतलं कुणी समोर आलं तर? परत यायचो." गुरुजींनी मान हलवली. "आता सवय मोडली. पुन्हा लावायला अंगात बळ नाही."

काकांच्या जिभेवर खरं येत होतं. ते सांगितलं तर निदान एका माणसाला तरी सगळं कळेल, असं त्यांना वाटलं. पण सांगून गुरुजींचं काय भलं होणार होतं, तेही कळेना. ते हात जोडून उठले.

"एक विचारू?" गुरुजी मागून म्हणाले. "ती पट्टी ठेवून कापलेली पानं... काम फार सुबक होतं. मी त्या दिवशी बघितलं ना, तेव्हा आधी तेच मनात आलं. ते तुमच्या हातचं वाटलं नाही मला."

काका दारातच थांबले. "नाही," ते म्हणाले. "माझ्या हातचं नव्हतं."

पावसाळा संपायच्या आत गुरुजी गेले. संस्थेत शोकसभा झाली. दाभणकाका फाटकाबाहेर उभे राहिले.

प्रदर्शन पार पडलं. काकूंचं पुस्तक मात्र राहिलं नाही. चिटणीसांनी ते बाजारातल्या एका बांधणीवाल्याला दिलं आणि पानं जिथली तिथे लावून मागितली. त्याने ते उसवलं, पानं डिंकाने कशीबशी चिकटवली, आणि खंड सारखे दिसावेत म्हणून यंत्राखाली घालून कडा छाटल्या. कित्येक पानांवरच्या शेवटच्या ओळी त्यात गेल्या. ही हकिगत सिस्टरनी रस्त्यात भेटल्यावर काकूंना सांगितली. काकू "बरं" म्हणाल्या.

पलंगाखाली आता पिशव्या नाहीत. घर मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि दोघांनाही ते आवडत नाही. सिस्टरनी खटपट करून काकूंना सभासद करून घेतलं. चिटणीसांनी हरकत घेतली नाही. त्यांना काकूंची दयाच येत होती. आता काकू मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी वाचनालयात जाऊन बसतात. रस्ता ओलांडताना त्यांना गाड्यांचा अंदाज येत नाही, म्हणून काका सोबत जातात. फाटकापर्यंत सोडतात, समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसतात आणि बारा वाजेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघत राहतात. ओळखीचं कुणी दिसलं की मान दुसरीकडे वळवतात.

काकू बाहेर आल्या की काका उठून पँट झटकतात.

"काय वाचलंस आज?"

"वाचलं काहीतरी," काकू म्हणतात, आणि दोघं गाड्या जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहतात.